पत्र्याआडचा कागद

इंजिनातले तेल चार कामे करते. घासणाऱ्या धातूंच्या मध्ये पातळ थर धरून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते, उष्णता वाहून नेते, पिस्टनच्या रिंगांभोवतीची फट बुजवते आणि ज्वलनातून व झिजेतून तयार होणारी घाण स्वतःत तरंगत ठेवते. चौथे काम त्याला एकट्याला निभत नाही. तरंगती घाण कुणी बाजूला काढली नाही, तर तेल तीच घाण पुन्हा बेअरिंगमध्ये नेऊन सोडते. ती बाजूला काढतो तो ऑइल फिल्टर. छोट्या पेट्रोल गाडीचा हा डबा साधारण शंभर-दोनशे रुपयांपासून मिळतो. सर्व्हिसिंगच्या बिलात तेलाच्या ओळीखाली ही ओळ किरकोळ दिसते. तरीही ‘या वेळी नुसते तेल बदलू, फिल्टर पुढच्या वेळी’ हा व्यवहार गॅरेजांमध्ये आजही चालतो. तो तोट्याचा का आहे, हे डबा आतून कसा असतो ते पाहिल्यावर कळते.

आधी आकारांचा हिशेब. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. चालत्या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यामधला तेलाचा थर सर्वांत पातळ जागी अवघा काही मायक्रॉन असतो. त्याहून मोठा कठीण कण त्या जागेतून जाताना बेअरिंगच्या मऊ धातूत रुतून बसतो किंवा शाफ्टवर ओरखडा पाडतो. यातले बहुतेक कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. तेलाचा थेंब दोन बोटांत चोळून ‘कच लागत नाही, अजून चालेल’ असे सांगणाऱ्या मेकॅनिकचा अनुभव कितीही दांडगा असला, तरी ही परीक्षा इथे उपयोगाची नाही.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात फिल्टर नव्हताच. फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये तेलाचा पंपही नव्हता, फिरणारे भाग तेल उडवत आणि ते जिथे पोहोचेल तिथे पोहोचे. १९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड यांनी मोटारीसाठी तेल गाळण्याचे यंत्र तयार केले आणि ‘प्युरोलेटर’ हे नाव रूढ झाले. ते सुरुवातीचे फिल्टर तेलाचा थोडाच भाग बाजूने घेऊन गाळत आणि बाकीचे तेल न गाळताच इंजिनात जाई. पुढे पंपाने ढकललेले सगळे तेल आधी फिल्टरमधून आणि मग बेअरिंगकडे ही रचना सर्वमान्य झाली. १९५० च्या दशकात आटे असलेला, फिरवून बसवायचा डबाही आला. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांवर दिसतो तो याच घराण्यातला.

इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारे भांडे असते. गॅरेजमध्ये त्याला चेंबर म्हणतात. त्यात बुडवलेली जाळी मोठा कचरा अडवते, पंप तेल खेचतो आणि दाबाने फिल्टरकडे पाठवतो. डब्याच्या तळाची जाड चकती पाहिली, तर मधे आटे पाडलेले मोठे भोक आणि त्याभोवती लहान भोकांचे कडे दिसते. तेल कडेच्या भोकांतून आत शिरते, डब्याची भिंत आणि कागद यांच्यामधल्या जागेत पसरते, कागदातून आतल्या बाजूला झिरपते आणि मधल्या नळीतून बाहेर पडते. म्हणजे घाण कागदाच्या बाहेरच्या अंगाला साचते. हा कागद साडीच्या निऱ्यांसारखा दुमडलेला असतो, त्यामुळे एवढ्याशा डब्यात भरपूर पृष्ठभाग मावतो. साध्या फिल्टरमध्ये तो लाकडाच्या लगद्यापासून केलेला आणि राळेत भिजवून कडक केलेला असतो, तर महागड्या फिल्टरमध्ये कृत्रिम किंवा काचेचे तंतू मिसळलेले असतात. हे तंतू अधिक बारीक व एकसारखे असल्यामुळे तेलाच्या वाटेत फारसा अडथळा न आणता बारीक कण धरतात.

खोक्यावर छापलेल्या ‘२० मायक्रॉन’ या आकड्याला मात्र एकट्याने काहीच अर्थ नाही. २० मायक्रॉनचे निम्मे कण अडवणारा फिल्टरही तो आकडा छापू शकतो आणि जवळपास सगळे अडवणाराही. खरी मोजणी आयएसओ ४५४८-१२ या मानकानुसार होते. फिल्टरच्या आधी आणि नंतर ठरावीक आकाराचे किती कण आहेत ते मोजून गुणोत्तर काढले जाते. गुणोत्तर ७५ आले, तर आत जाणाऱ्या ७५ कणांपैकी एकच निसटतो, म्हणजे ९८.७ टक्के अडतात. आकाराबरोबर टक्केवारी सांगणारी कंपनी विश्वासाला जास्त पात्र ठरते. दुर्दैवाने आपल्याकडच्या बहुतेक खोक्यांवर ती नसते. तिथे चकचकीत रंगकाम असते.

कागदाखेरीज डब्यात दोन झडपा असतात, आणि स्वस्त नकली फिल्टरमध्ये काटकसर होते ती बहुधा यांच्यावर. पहिली म्हणजे तळाच्या चकतीमागची रबराची लवचीक पाकळी. इंजिन बंद झाल्यावर डब्यातले तेल ओघळून चेंबरमध्ये उतरू नये म्हणून ती असते. अनेक गाड्यांत फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असतो. तिथे हे रबर कडक झाले की रात्रीतून डबा रिकामा होतो आणि सकाळी गाडी चालू करताच दोन-तीन सेकंद वरून खडखड ऐकू येते. त्या सेकंदांत पंप आधी डबा भरत असतो आणि कॅमशाफ्ट तेलाची वाट पाहत कोरडी फिरत असते.

दुसरी झडप स्प्रिंगवरची, आणि फिल्टर का बदलायचा या प्रश्नाचे उत्तर हिच्यापाशी आहे. कागद घाणीने तुंबला आणि तेल आत ढकलले जाईना, तर इंजिन तेलावाचून जळू नये म्हणून ही झडप उघडते आणि तेलाला कागद टाळून जायची वाट देते. कागदाच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक एका बारच्या आसपास किंवा थोडा वर गेला की ती उघडावी अशी सर्वसाधारण रचना असते. थंड इंजिनात तेल घट्ट असते तेव्हाही ती क्षणभर उघडते, त्यात बिघाड काही नाही. मात्र तुंबलेल्या फिल्टरमध्ये ती उठसूट उघडत राहते. डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, आवाज येत नाही, गाडी नेहमीसारखी पळते, आणि इंजिनात न गाळलेले तेल फिरत असते. ‘फिल्टर बदलला नाही तरी काही झाले नाही’ या अनुभवाचे गुपित हेच. झडपेने इंजिन त्या दिवशी वाचवलेले असते, आणि झीज काही वर्षांनी तेल पिणाऱ्या इंजिनाच्या रूपाने वसूल होते.

तेल नवे आणि फिल्टर जुना ठेवण्यात आणखी एक विसंगती आहे. जुन्या डब्यात पाव लिटरच्या आसपास मळके तेल अडकलेले असते. तीन-साडेतीन लिटर नवे तेल ओतून गाडी चालू केली की ते त्यात मिसळते.

फिल्टरला जमत नाही अशा गोष्टीही आहेत. काजळीचे मूळ कण एक मायक्रॉनहूनही लहान असतात. ते कागदातून आरपार जातात. म्हणून डिझेल गाडीचे तेल बदलल्यावर लवकरच काळे पडते आणि ते काळे पडणे म्हणजे बिघडणे नव्हे. तेलात मिसळलेले इंधन, पाण्याची वाफ, आम्ले आणि संपत चाललेली रसायने यांवरही फिल्टरचा इलाज चालत नाही. तेल बदलायचे ते यासाठी.

किती किलोमीटरनंतर बदलायचे, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. मारुती सुझुकीच्या पेट्रोल गाड्यांसाठी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, अशी सर्वसाधारण मुदत आहे. ‘जे आधी येईल ते’ हे शब्द वाचायचे राहून जातात. शिवाय धूळ, ओझे, सतत थांबत-निघत चालवणे आणि इंजिन पुरते तापायच्या आत संपणारे छोटे फेरे हे कठीण वापरात धरले जातात आणि त्यासाठी मुदत कमी असते. घरापासून स्टेशनपर्यंत आणि परत एवढीच धावणारी मुंबईची गाडी वर्षात ४,००० किलोमीटरही करत नाही, पण ती कठीण वापरातच मोडते.

फिल्टर घेताना डब्याचा आकार जुळवून भागत नाही. पार्ट नंबर जुळवावा लागतो. सर्वांत फसवी जागा आट्यांची. बाजारात २० मिलिमीटर व्यासाचे दीड मिलिमीटर अंतराचे आटे असलेले फिल्टर आहेत, तसेच पाऊण इंचाचे, इंचाला १६ आटे असलेलेही आहेत. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि आट्यांमधले अंतर सुमारे १.५९ मिलिमीटर. डोळ्यांना दोन्ही सारखेच. इंजिनावरच्या पाऊण इंचाच्या आटेदार स्टडवर २० मिलिमीटरचा फिल्टर चढतोही, पण सैल बसतो आणि दाब आला की सटकू शकतो.

बदलण्याचे काम अवघड नाही, क्रम मात्र पाळावा लागतो. इंजिन पाच मिनिटे चालवून तेल कोमट करायचे, म्हणजे ते पातळ होऊन घाणीसकट उतरते. लांबच्या प्रवासाहून आल्याआल्या बोल्ट काढणे म्हणजे हात भाजून घेणे. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. गाडी उचलायची असेल, तर जॅकने उचलून घोडीवर टेकवायची. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणे हा यातला एकमेव जिवावरचा भाग आहे. हातमोजेही हवेत, कारण वापरलेले तेल कातडीला वारंवार लागणे आरोग्याला घातक आहे.

वरचे तेल भरायचे झाकण सैल करून चेंबरचा बोल्ट रिंग पान्याने काढायचा आणि तेल पसरट भांड्यात उतरू द्यायचे. बोल्टचा वॉशर नवा टाकायचा. बोल्ट पुन्हा लावताना जोर दाखवण्याची हौस आवरावी; ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले, की वाचवलेली मजुरी अनेक पटींनी बाहेर पडते.

मग फिल्टर. पट्ट्याचा किंवा वाटीसारखा फिल्टर पाना लावून तो उलटा फिरवायचा. डब्यातून स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवण्याची युक्ती पुष्कळांना माहीत असते. पत्रा फाटून चकती इंजिनावरच अडकली, की या युक्तीचा फोलपणा कळतो. फिल्टर निघाल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत आली का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. कधी ती इंजिनाच्या बैठकीला चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर चढवला, तर दोन रिंगा एकमेकींवर बसतात, सुरुवातीला गळतही नाही, आणि पुढे रस्त्यावर दाब वाढताच वरची रिंग बाहेर फेकली जाते. मग इंजिनातले बहुतेक तेल पाहता पाहता रस्त्यावर येते.

बैठक फडक्याने पुसून, नव्या रिंगेला बोटाने ताजे तेल लावून फिल्टर हातानेच फिरवायचा. तोंड वर असेल, तर डबा आधी थोडा तेलाने भरता येतो. रिंग बैठकीला टेकल्यापासून साधारण पाऊण वेढा. नेमके माप डब्यावर छापलेले असते. इथे पाना वापरायचा नाही. रबर दाबले गेले की गळती थांबते, चेपले गेले की फाटते.

सगळ्याच गाड्यांना असा डबा नसतो. फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन रांजणगावच्या कारखान्यात २०२० पर्यंत बनले आणि स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत बसले. त्यात इंजिनावरच्या कायमच्या घराच्या आत फक्त कागदी गाभा बदलतो आणि वर प्लॅस्टिकचे टोपण असते. टोपणाची नवी ओ-रिंग गाभ्याच्या खोक्यातच येते. ती खोक्यातच राहून जुनी पुन्हा बसते, हा नेहमीचा प्रकार. टोपण फार आवळले, तर तडकते.

नवे तेल पुस्तिकेतल्या मापापेक्षा थोडे कमी भरून इंजिन चालू करायचे. तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला, तर इंजिन ताबडतोब बंद. हा दिवा तेलाची पातळी नव्हे, दाब दाखवतो, आणि दाब फार खाली गेल्यावरच लागतो. फिल्टर आणि बोल्टपाशी खाली वाकून पाहायचे, काही मिनिटे थांबून डिपस्टिक काढायची आणि तेल वरच्या खुणेपर्यंत पुरे करायचे, तिच्या वर नाही.

उरलेले जुने तेल आणि डबा हे २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहेत. वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवरही टाकलेली आहे. डबा पालथा घालून रात्रभर निथळू द्यावा, तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरावे आणि दोन्ही अधिकृत संकलकाला माल देणाऱ्या सर्व्हिस स्टेशनवर पोहोचते करावेत. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून किंवा अंगणातली धूळ बसावी म्हणून ते ओतण्याची पद्धत खेड्यांतच नाही, शहरांतही आहे. त्यातले तेल पहिल्या पावसात विहिरीच्या नाहीतर नाल्याच्या वाटेला लागते.