दोन कार्डं म्हणजे दुप्पट नव्हे

रमजान ईदच्या तिसऱ्या दिवशी बाजीचा मुलगा माझ्याकडे आला. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. शीरखुर्मा संपवला, वाटी बाजूला ठेवली आणि हळूच म्हणाला, "खाला, अब्बूंना समजावाल का?" त्याच्याकडे साडेआठ हजार रुपये जमले होते. थोडी ईदी, आणि बाकीचे सुट्टीत झेरॉक्सच्या दुकानात काम करून मिळवलेले. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये एक ग्राफिक्स कार्ड आहे, जीटीएक्स 1660 सुपर. तसंच दुसरं, वापरलेलं, त्याला गावातल्या एका दुकानदाराने दाखवलं होतं. "दो कार्ड लगाएंगे तो डबल हो जाएगा ना, खाला?"

दुल्हाभाईंचं उत्तर मला माहीत होतं. गेमवर पैसे घालणं म्हणजे इसराफ, फुकटची उधळपट्टी. विषय संपला. पण घरात विषय संपला की मुलाच्या डोक्यातला संपत नाही. तो दुकानात जातो, जुने व्हिडिओ बघतो, मित्रांना विचारतो. साडेआठ हजारांचा निर्णय मग अशा माणसांच्या सल्ल्याने होतो, ज्यांचं त्यात काही जात नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. ग्राफिक्स कार्ड हा माझा विषय नाही. पण मुलाने विश्वासाने विचारलं होतं, म्हणून त्याच्याच शेजारी बसून चार संध्याकाळी वाचलं. त्यातून माझं मत असं झालं: आज गेम खेळण्यासाठी दोन कार्डं लावू नयेत. आणि त्याच्या बाबतीत तर प्रश्नच उरत नव्हता, कारण 1660 सुपरला जोडीने काम करण्याची सोयच दिलेली नाही. दुसरं कार्ड स्लॉटमध्ये बसलं असतं, पंखाही फिरला असता, आणि गेम मात्र एकाच कार्डावर चालला असता.

मग ही "डबल"ची गोष्ट आली कुठून? ती खोटी नाही, जुनी आहे. 1998 साली थ्रीडीएफएक्स या कंपनीचं व्हूडू 2 कार्ड आलं. ते दोन जोडले की पडद्यावरच्या ओळी वाटून घेत. एक ओळ याची, पुढची त्याची. त्या पद्धतीचं नाव एसएलआय. पुढे त्या कंपनीचं तंत्रज्ञान एनव्हिडियाने विकत घेतलं आणि 2004 मध्ये तेच नाव नव्या रूपात आणलं. दुसऱ्या वर्षी एटीआयने क्रॉसफायर आणलं. त्या काळात हा विचार शहाणपणाचाही होता. आज एक कार्ड घ्यावं, दोन वर्षांनी स्वस्त झालेलं दुसरं जोडावं. माझ्या भाच्याने पाहिलेले व्हिडिओ त्याच दिवसांतले होते.

आता जोडीने काम कसं चालायचं ते पाहू. माझ्या वर्गातलं उदाहरण देते. दहावीच्या पेपरांचा गठ्ठा आहे आणि तपासायला दोन शिक्षक आहेत. अर्धे मी घेते, अर्धे तुम्ही घ्या. काम जवळपास निम्म्या वेळात होतं, कारण एका पेपरचा दुसऱ्याशी संबंध नाही. पण दोन मुलांना सांगा की एकच निबंध दोघांनी लिहा, एक वाक्य याने, पुढचं त्याने. मग दुसरा थांबून राहतो, कारण आधीचं वाक्य वाचल्याशिवाय त्याला पुढचं सुचत नाही.

गेममध्ये कार्डं अशीच पाळी लावत. एक फ्रेम एक कार्ड काढणार, पुढची फ्रेम दुसरं. जुन्या गेममध्ये फ्रेम बऱ्याचशा सुट्या असत, तेव्हा हे चालून गेलं. नवे गेम चित्राच्या कडा गुळगुळीत करण्यासाठी आधीच्या फ्रेममधली माहिती वापरतात. म्हणजे निबंधासारखी गत. दुसऱ्या कार्डाला पहिल्याकडून माहिती मागवावी लागते, आणि त्या ये-जा करण्यात कमावलेला वेळ निघून जातो. शिवाय फ्रेम सारख्या अंतराने येत नाहीत. आकडा सेकंदाला साठ दाखवतो, पण डोळ्यांना चित्र अडखळताना दिसतं.

दुसरा गैरसमज मेमरीचा. सहा जीबी अधिक सहा जीबी म्हणजे बारा, असं भाच्याने वहीत लिहून आणलं होतं. बेरीज बरोबर, उपयोग चूक. पाळीने फ्रेम काढायच्या तर दोन्ही कार्डांना खेळातला तोच सगळा देखावा स्वतःजवळ ठेवावा लागतो. दोन शिक्षकांना नमुना उत्तरपत्रिकेची एकेक प्रत लागते, तसं. दोन प्रती मिळाल्या म्हणून उत्तरं दुप्पट होत नाहीत. गेमसाठी मेमरी सहाच जीबी राहते.

म्हणूनच कंपन्यांनी हळूहळू हा रस्ता बंद केला. 2016 च्या जीटीएक्स 1060 लाच एसएलआय नव्हतं. 2020 च्या आरटीएक्स 30 मालिकेत जोडणीची सोय फक्त सगळ्यात महागड्या 3090 ला होती. 1 जानेवारी 2021 पासून जुन्या कार्डांसाठीही एसएलआयची नवी ड्रायव्हर प्रोफाइल देणं एनव्हिडियाने थांबवलं. 2022 च्या 4090 वर तर जोडणीची जागाच नाही. डायरेक्टएक्स 12 मध्ये दोन कार्डं वापरण्याची वाट उघडी आहे, पण ती गेम बनवणाऱ्याने स्वतः तयार करायची असते. अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी या गेमने ती केली, त्यात दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डंही एकत्र चालत. असे गेम फार थोडे निघाले. ज्या सोयीसाठी मोजकेच लोक पैसे मोजणार, तिच्यावर महिनोन्‌महिने कोण राबेल?

दोन कार्डं कुठेच उपयोगाची नाहीत, असं मात्र मी म्हणत नाही. ब्लेंडरमध्ये चित्रपटासारखी दृश्यं तयार करणाऱ्याला ती खरंच लागतात, कारण ते काम पेपरांच्या गठ्ठ्यासारखं वाटता येतं. घरच्या मशीनवर एआयचं मोठं मॉडेल चालवणाऱ्याला दोन कार्डांची मेमरी खरोखर मिळून वापरता येते, कारण मॉडेलचे थर दोघांत विभागता येतात. तुमचा मुलगा असं काम करत असेल तर हिशेब वेगळा. तरीही मदरबोर्ड पाहावा लागेल. बऱ्याच स्वस्त बोर्डांवर दुसरा स्लॉट दिसायला लांब असतो, पण आतून चारच लेनचा असतो. एसएमपीएसची ताकद आणि कॅबिनेटमधली हवाही पाहावी लागेल.

गेमसाठी करायचं काय? जुनं कार्ड विकावं, त्यात साठवलेले पैसे घालावेत आणि एकच बरं कार्ड घ्यावं. भाच्याच्या उदाहरणात आम्ही आरटीएक्स 3060 शी तुलना केली. 1660 सुपर एक 125 वॅटचं, दोन म्हणजे 250. बारा जीबीचं 3060 मात्र 170 वॅटचं. एकच स्लॉट अडतो, कमी वीज लागते आणि बाराच्या बारा जीबी कामाला येतात. त्याचा एसएमपीएस 550 वॅटचा आहे, तो बदलावा लागत नाही.

वापरलेलं कार्ड घेण्यात कमीपणा नाही, फक्त डोळे उघडे हवेत. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. कार्ड आधी कशासाठी वापरलं ते विचारा, समोर अर्धा तास गेम चालवून बघा, पावती मागा.

त्या दुकानदाराला भाच्याने शेवटी एवढंच विचारलं, "माझ्या कार्डासोबत हे जोडीने चालेल, असं बिलावर लिहून द्याल?" तो म्हणाला, "लावून तर बघ, नाही चाललं तर बघू." बोलणं तिथेच थांबलं. त्याने फसवायचंच ठरवलं होतं असं मला वाटत नाही. कदाचित त्यालाही दोन म्हणजे दुप्पटच वाटत असावं.

दुल्हाभाईंशी मी बोलले. इसराफ हा शब्द त्यांनी पुन्हा काढला. मी म्हटलं, मुलाने कमावलेल्या पैशातून, हिशेब करून, वर्षानुवर्षं वापरायची वस्तू घेतली तर ती उधळपट्टी कशी? उधळपट्टी झाली असती ती न चालणारं कार्ड आणून. आणि त्यात थोडा वाटा आपलाही असता, कारण आपण नको म्हणण्यापलीकडे काही बोललो नाही. मुलाच्या आवडीला आपण नावं ठेवतो, तेव्हा त्या आवडीतले व्यवहार तो आपल्याला विचारायचं बंद करतो. आवड मात्र सुटत नाही.

ते हो म्हणाले नाहीत. पण जुन्या कार्डाला गिऱ्हाईक बघायला भाच्यासोबत परवा ते स्वतः गेले होते, असं बाजी सांगत होती. नवं कार्ड अजून घेतलेलं नाही. साडेआठ हजार मात्र शाबूत आहेत.