भजन ऐकताना



विहिरीवरच्या मोटारीचा आवाज जरा बदलला, की बेअरिंग गेले हे तुम्ही बांधावरून ओळखता. तोच कान एकादशीच्या भजनाला लावून पाहा. आपण चाल तेवढी ऐकतो आणि गाणाऱ्याला शाबासकी देऊन घरी येतो.

येत्या एकादशीला पहिल्या अभंगात फक्त पखवाज ऐका. त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, म्हणून तो घुमतो. कणीक वाळली की आवाज चढतो, तो फरक टिपा. दुसऱ्या अभंगात टाळ ऐका. इतके हात असून ठोका एकच पडतो का? तिसऱ्यात वीणा ऐका. ती चाल वाजवत नाही, सगळ्यांचा सूर धरून ठेवते. चौथा अभंग मात्र सगळा मिळून ऐका. तो निराळाच वाटेल.

हे सांगण्याचे कारण आहे. एका गावी पखवाज वाजवणाऱ्या पोराने वाजवणे सोडले. विचारले तर म्हणाला, "साहेब, चुकलो तर सगळे बघतात. चांगले वाजले तर कोणालाच कळत नाही."

तेव्हा उठताना पखवाजवाल्याजवळ जा आणि कोणता तुकडा आवडला, ते नेमके सांगा. खतपाण्यावाचून पीक येत नाही, मंडळी.