डोंबाघरचे पाणी आणि तगण्याच्या थरारकथा

गेल्या दोन-अडीच दशकांत कादंबरी, चित्रपट आणि मालिका या तिन्ही माध्यमांतून एका कथाप्रकाराने जगभर विलक्षण लोकप्रियता मिळविली आहे. भविष्यातील, किंवा वर्तमानाच्याच आडोशाला दडलेले एक क्रूर जग. त्यात कोंडलेली, कर्जाने वा भुकेने गांजलेली माणसे. त्यांच्यावर लादलेला जीवघेणा खेळ. आणि अखेरीस तगून राहणारा एखाददुसरा जीव, असा या कथांचा सांगाडा असतो. कौशुन ताकामी यांची ‘बॅटल रॉयल’ ही जपानी कादंबरी १९९९ मध्ये, तर सुझन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. बोंग जून-हो यांचा ‘स्नोपियर्सर’ हा चित्रपट २०१३ मध्ये आला. ह्वांग डाँग-ह्यूक यांची ‘स्क्विड गेम’ ही कोरियन मालिका २०२१ ते २०२५ या काळात तीन पर्वांत प्रदर्शित झाली. या कृती वर्गविषमतेची रूपके आहेत, हे मत आता समीक्षेत रूढ झाले आहे.

हे मत चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. एखादी कृती रूपक आहे एवढे सांगितल्याने समीक्षेचे काम संपत नाही. रूपक कोणाच्या बाजूने रचले गेले आहे, त्याच्या उजेडात कोण दिसतो आणि त्याच्या सावलीत कोण दिसेनासा होतो, हा खरा प्रश्न होय. या प्रश्नाचा विचार करण्यास वाराणसीइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. कारण भारतीय मनावर दीर्घकाळ राज्य केलेली तगण्याची कथा याच नगरीच्या स्मशानात घडते.

ती कथा हरिश्चंद्राची. हरिश्चंद्राने डोंबाघरी पाणी भरले, असे दैवाचा फेरा सांगताना मराठी माणूस आजही सहज बोलून जातो. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये पहिला भारतीय कथापट केला तो याच राजावर. १९३२ मध्ये मराठी पडदा बोलू लागला तोही प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’तून, म्हणजे याच कथेतून. तिची घडण आजच्या थरारकथांशेजारी ठेवून पाहावी. विश्वामित्राला द्यावयाची दक्षिणा हे कर्ज आहे आणि त्याला मुदत आहे. ते फेडण्यासाठी राजा पत्नीला व पुत्राला विकतो, शेवटी स्वतःला विकतो. काशीचे स्मशान हे रिंगण आहे. मृत पुत्राला घेऊन आलेल्या पत्नीकडूनही मर्तिकाचा कर मागावा लागणे, ही खेळाची अखेरची आणि सर्वांत निष्ठुर फेरी आहे. वरून पाहणारे देव आहेत आणि शेवटी बक्षीस म्हणून स्वर्ग आहे. कर्ज, रिंगण, नियम, प्रेक्षक आणि बक्षीस ही पाचही अंगे येथे पूर्णावस्थेत आढळतात.

मात्र या कथेत एक माणूस नाही. तो म्हणजे स्मशानात रोज राबणारा डोम. मार्कंडेय पुराणातील कथेत राजाला विकत घेणारा चांडाळ हा शेवटी वेष पालटलेला धर्म असल्याचे उघड होते. याचा अर्थ असा की, ज्याच्या घरी राजाने पाणी भरले तो डोंब मुळात अस्तित्वातच नव्हता. राजाला जी परीक्षा, ती इतर कोणाची तरी पिढीजात उपजीविका आहे, ही गोष्ट कथेच्या दृष्टीआड राहते. परीक्षा संपते, पुत्र जिवंत होतो, राजा उठून जातो. स्मशान आणि त्यातले काम मात्र जिथल्या तिथे राहते. त्याच पुराणात एक उदात्त क्षणही आहे. आपल्या प्रजेवाचून एकट्याने स्वर्गात जाण्यास हरिश्चंद्र नकार देतो आणि प्रजेलाही बरोबर नेतो. एकट्याच्या सुटकेला दिलेला हा नकार आजच्या अनेक थरारकथांना साधलेला नाही. परंतु बरोबर जाणारी प्रजा अयोध्येची असते. काशीच्या स्मशानातील कोणी त्यात नसतो.

ही उणीव मराठीत भरून काढली ती अण्णा भाऊ साठे यांनी. १९२० मध्ये सांगली जिल्ह्यातील वाटेगावी जन्मलेल्या, मुंबईत गिरणीकामगाराचे जिणे जगलेल्या आणि १९४४ मध्ये अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे करणाऱ्या या लेखकाची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा तगण्याची थरारकथाच आहे. वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईस येतो. उपनगरातील दगडाच्या खाणीत त्याला काम मिळते. खाण बंद पडते. हताश होऊन परतत असता प्रेताच्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते. मग राख चाळणे, पुरलेली मढी उकरणे हाच त्याचा धंदा होतो. एका रात्री एका धनिकाच्या प्रेतावरून त्याची कोल्ह्यांशी झुंज जुंपते. त्या प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. बोटे कापावी लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते.

या कथेत थराराची सर्व सामग्री आहे: रात्र, श्वापदे, मढे, सुटण्याची धडपड. नाही तो खेळाचा संयोजक. भीमाला कोणी बेटावर नेलेले नाही, कोणी वरून पाहत नाही. खाण बंद पडली एवढेच. ती कोणी बंद केली आणि का उघडली, हे त्याला कळतही नाही. आणि हे न कळणे हाच कथेचा कणा आहे. येथे विषमता मरणानंतरही टिकते. सोने सापडते ते श्रीमंताच्या राखेत. गरिबाची राख चाळून हाती काही लागत नाही. भीमाच्या लेखी भुते स्मशानात नसतात, ती नगरात असतात. हरिश्चंद्राला शेवटी सारे परत मिळते. भीमाला काम परत मिळते, पण ते काम करणारी बोटे गेलेली असतात. परीक्षेच्या कथेत दुःखाला हेतू असतो; उपजीविकेच्या कथेत तो नसतो. अण्णा भाऊंनी भुकेला परीक्षा म्हणण्याचे नाकारले, हे त्यांचे वाङ्मयीन कर्तृत्व आहे.

वाराणसीच्या घाटावर ही दृष्टी पुढे नेणारी कृती म्हणजे नीरज घेवान यांचा २०१५ चा ‘मसान’ हा चित्रपट. वरुण ग्रोवर यांनी लिहिलेल्या या कथेत डोम घरातील दीपक अभियांत्रिकी शिकतो; ज्या मुलीवर त्याचे प्रेम असते तिचे प्रेत एके दिवशी घाटावर त्याच्याच पुढ्यात येते आणि बोटातील अंगठीवरून त्याला ओळख पटते. योगायोग असा की, अण्णा भाऊंच्या कथेप्रमाणे येथेही स्मशानात हाती येते ती अंगठीच. याच चित्रपटात जीवघेणा खेळही आहे. लहान मुले गंगेत बुडी मारून नाणी वेचतात आणि काठावरची मोठी माणसे कोणता मुलगा जास्त आणील यावर पैसे लावतात. पोलिसी खंडणीने पिचलेला, एकेकाळी संस्कृत शिकवणारा पाठकही आपल्या दुकानातल्या झोंटा या पोरावर पैसे लावतो. मुलगा पाण्यात जिवावरच्या प्रसंगातून वाचतो, आणि त्याला सापडलेल्या अंगठीने पाठकाचे देणे फिटते.

कोरियन मालिकेत मुखवटे घातलेले परदेशी धनाढ्य जे करतात, तेच येथे एक सज्जन, अडलेला ब्राह्मण करतो. हा फरक मोलाचा आहे. मुखवट्यातील धनाढ्याचा तिरस्कार करणे प्रेक्षकाला सोपे जाते, कारण तो स्वतःला त्याच्या जागी पाहत नाही. पाठकाच्या जागी मात्र तो सहज स्वतःला पाहू शकतो. गरिबाच्या धोक्यावर पैसे लावण्यासाठी राक्षस असावे लागत नाही, नुसते अडचणीत असावे लागते, हे सत्य ‘मसान’ने एका लहानशा खेळातून सांगितले. शिवाय या घाटावर विषमता निव्वळ पैशाची नाही. दीपकने पदवी मिळविली तरी चितेचा धूर त्याच्या नावाला चिकटलेलाच राहणार, ही जातीची जाण ‘वर्ग’ या एका शब्दात मावत नाही.

याचा अर्थ परदेशी कृती पोकळ आहेत असा नव्हे. ‘स्क्विड गेम’मधील ४५६ खेळाडूंपैकी वाचलेले पहिल्या हत्याकांडानंतर बहुमताने खेळ थांबवून घरी जातात, आणि त्यांतील बहुतेक स्वेच्छेने परत येतात. रिंगणापेक्षा बाहेरचे जग अधिक भयंकर आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणे कठीण. ‘स्नोपियर्सर’मध्ये तर शेपटीच्या डब्यातील गरिबांचे बंडही लोकसंख्या घटविण्यासाठी आधीच योजलेले निघते. व्यवस्था आपल्या विरोधालाही हिशेबात धरते, हा विचार वरवरचा नाही. सामान्य वाचकाला विषमतेविषयी बोलण्याची भाषा या कृतींनी दिली, हे मान्य केले पाहिजे.

परंतु रिंगणाची आकर्षकता ही या कथाप्रकाराची दुखरी जागा आहे. नियम, फेऱ्या, गुण, बाद होणे यांची गोडी वेगळी काढता येते आणि विकताही येते. २०२३ मध्ये ‘स्क्विड गेम : द चॅलेंज’ या नावाने तसेच ४५६ खरे स्पर्धक घेऊन प्रत्यक्ष स्पर्धा भरविण्यात आली. मरण वगळले, बक्षीस ठेवले, आणि विषमतेवरील टीका विषमतेच्याच करमणुकीत रूपांतरित झाली. ‘स्मशानातील सोनं’ची अशी स्पर्धा कोणी भरवू शकणार नाही, कारण त्या कथेत खेळ नाही, केवळ काम आहे आणि कामाचा अभाव आहे.

वास्तवाने तर भविष्याची वाटही पाहिलेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत जालन्याहून भुसावळच्या दिशेने रेल्वेमार्गाने चालत निघालेले, थकून रुळांवरच निजलेले १६ मजूर ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले. त्यांच्यासाठी कोणी खेळ रचला नव्हता. खाण बंद पडावी तसे काम बंद पडले होते. या घटनेचा अन्वय लावण्यास ‘द हंगर गेम्स’पेक्षा अण्णा भाऊ अधिक उपयोगी पडतात.

म्हणून तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमात जेथे ‘डिस्टोपिया’ हा विषय वेल्स, झाम्यातिन, ऑर्वेल असा शिकविला जातो, तेथे ‘स्मशानातील सोनं’ला स्थान मिळावयास हवे. दलित साहित्य वा ग्रामीण कथा या रकान्यात नोंदवून हा प्रश्न मिटत नाही. या कथेकडे परदेशी कथाप्रकाराची देशी आवृत्ती म्हणून पाहणे हाही न्याय नव्हे. त्या प्रकाराला प्रश्न विचारणारी स्वतंत्र कृती म्हणून ती वाचली गेली पाहिजे. काशीत मराठी विद्यापीठीय पातळीवर शिकविली जाते, आणि ज्या घाटाला हरिश्चंद्राचे नाव आहे तो घाट तेथून फार दूर नाही. तेथे चिता आजही डोमांच्या अग्नीने पेटते, राख आजही पाण्यात चाळली जाते. वर्गविषमतेची रूपके वाचणाऱ्याने एवढे तरी विचारावे की, परीक्षा संपवून राजा निघून गेल्यावर पाणी कोण भरतो. ज्या कथेला या प्रश्नाचे उत्तर देता येते, तिने रूपकाचे काम पुरे केले असे म्हणता येईल.