निर्गंध किंशुक

संस्कृतच्या शिक्षकाची विद्या पुष्कळदां पुस्तकाच्या पानांतच फुलते आणि पानांतच सुकते. याचा प्रत्यय मला गेल्या फाल्गुनांत, वयाची पासष्टी उलटल्यावर, माझ्या नातीनें आणून दिला. ती हकीकत वाचकांस सांगावी असें वाटतें. कारण तींत कौतुकापेक्षां पश्चात्तापाचा भाग अधिक आहे.

आम्ही गिरगांवांतील खोताच्या वाडींत राहातों. जुनीं लांकडी घरें, अरुंद बोळ, शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हरांड्यांत मांडलेल्या चार कुंड्या, आणि सकाळीं दाराला अडकविलेली देवाची फुलपुडी. फुलांशीं आमचा संबंध एवढाच. पांचवींत शिकणाऱ्या नातीनें एके दिवशीं विचारलें, “आजोबा, वसंतांत रानें फुलतात म्हणजे कोठें फुलतात?” मीं ऋतुसंहाराच्या सहाव्या सर्गापासून आरंभ केला. तिनें निमूटपणें ऐकून घेतलें व म्हटलें, “पण तुम्हीं स्वतः पाहिलींत का?”

मी निरुत्तर झालों. मुंजींत मीं पळसाचा दंड हातीं धरला होता, होमांत पळसाच्या समिधा वाहिल्या होत्या, पळसाच्या पत्रावळीवर जेवलों होतों; पण फुललेला पळस डोळे भरून पाहिल्याचें मला स्मरेना.

तेव्हां सहकुटुंब रानांत जाण्याचें ठरलें. माझ्या कल्पनेंत वसंत म्हणजे भुईवर पसरलेले फुलांचे गालिचे. आमच्या सूनबाई वनस्पतिशास्त्र शिकलेल्या. त्यांनीं ती कल्पना दुरुस्त केली. “बाबा, बर्फाच्या देशांत बर्फ वितळलें कीं भुई फुलते. आपल्या सह्याद्रींत भुई फुलते ती पावसानंतर, भाद्रपदांत. त्यासाठीं साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर जावें. फाल्गुन-चैत्रांत मान वर करून पाहावें. आपला वसंत झाडांवर असतो.” पंचांगांतील वसंत चैत्रापासून धरतात; पळस मात्र तिथीची वाट न पाहतां फाल्गुनांतच फुलतो, हेंहि त्यांच्याकडूनच कळलें.

होळीच्या आधींच्या रविवारीं भल्या पहाटे चर्नीरोडला गाडी धरली आणि बोरिवलीस उतरून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत शिरलों. कान्हेरीच्या पायथ्यापर्यंत बस जाते, पुढें पायऱ्या. कान्हेरी हें नांव ‘कृष्णगिरि’ या शब्दापासून आलें. त्या काळ्या खडकांत शंभरांहून अधिक बौद्ध लेणीं कोरलेलीं आहेत. वाटेंत प्रथम दिसली ती कांटेसांवर: उंच, निष्पर्ण, मोठमोठ्या लाल फुलांनीं भरलेली, आणि साळुंक्या-बुलबुलांच्या कलकलाटानें गजबजलेली. पांगारा दिसला. आणि एका वळणावर उतारावर पळस!

‘पळसाला पानें तीनच’ ही म्हण आपण नेहमीं वापरतों. पण त्या दिवशीं त्या झाडावर एकहि पान नव्हतें. वांकड्यातिकड्या फांद्या केशरी ज्वाळांनीं वेढलेल्या. कळ्यांचीं देठें मखमली काळसर, आणि पाकळी थेट पोपटाच्या चोंचीसारखी बांकदार. ‘किंशुक’, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’, ही व्युत्पत्ति मीं शेंकडों मुलांना सांगितली होती. ती समजली त्या क्षणीं. न उमललेल्या पळसाला कालिदासानें कुमारसंभवांत बालचंद्राच्या वांकाची उपमा दिली आहे, तीहि तेथें खरी ठरली. कालिदासानें पाहून लिहिलें. मीं न पाहतां शिकविलें.

नातीनें खालीं पडलेलें एक फूल उचलून हुंगलें. “आजोबा, याला वासच नाहीं!” मला संधि मिळाली. रूप, तारुण्य आणि थोर कुळ असूनहि विद्याहीन मनुष्य निर्गंध किंशुकाप्रमाणें शोभत नाहीं, हें प्रसिद्ध सुभाषित मीं तिला अर्थासह सांगितलें. सूनबाई हळूच म्हणाल्या, “पण बाबा, पळसाला वास हवा कशाला?”

मग त्यांनीं समजाविलें. रातराणीसारखीं फुलें अंधारांत उमलतात. पतंगांना तीं सांपडावींत म्हणून त्यांना सुगंध लागतो. पळसाचे पाहुणे दिवसा येतात, आणि ते बहुतेक पक्षी. पक्ष्यांची भिस्त वासापेक्षां नजरेवर, आणि लाल-केशरी रंग त्यांना दुरून दिसतो. पानें आधींच गळल्यामुळें तो अधिकच उठून दिसतो. मध प्यायला पक्ष्यानें चोंच घातली कीं पराग त्याच्या अंगाला लागतात व पुढच्या फुलावर जातात. मग शेंगा धरतात, आणि पावसापूर्वीं त्या हलक्या, चपट्या शेंगा वाऱ्यावर दूर जाऊन पडतात. आम्ही बोलत असतांनाच एक इवलासा शिंजीर येऊन फुलांत चोंच खुपसूं लागला. नात टाळ्या वाजवूं लागली. मी मात्र खडकावर बसलों.

कारण मला एक विद्यार्थी आठवला. फार वर्षांपूर्वींची गोष्ट. शब्द चालविण्यांत कच्चा, पण वहीच्या कडेला चित्रें सुरेख काढणारा. हेंच सुभाषित चाललें असतां त्यानें उभें राहून विचारलें, “सर, किंशुक म्हणजे कोणतें फूल?” मला तें ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक नाहीं म्हणण्याचें धैर्य नव्हतें. मीं म्हणालों, “बिनवासाचें. तुझ्यासारखें.” वर्ग खो-खो हंसला. त्या मुलानें पुढें वर्षभर माझ्या तासाला एकहि प्रश्न विचारला नाहीं, आणि मीं त्याला सुधारणा समजलों.

सुभाषितांत विद्येची थोरवी सांगितली आहे, ती खरीच. पण ज्याला आपल्या नाकाला रुचेल असा गंध नाहीं तो निर्गुण, हा अर्थ मीं त्यांत घातला. त्या मुलाच्या हातीं रंग होता. तो पाहण्याची दृष्टि माझ्यापाशीं नव्हती.

वाचकांनीं मुलांना घेऊन अवश्य जावें. सोमवारीं उद्यान बंद असतें. सकाळीं लवकर निघावें. पक्षी तेव्हांच दिसतात, आणि दुपारीं खडक तापतो. पाणी भरपूर न्यावें, शिदोरी झांकून ठेवावी, कारण तेथील वानरसेना फार तत्पर आहे. फूल तोडूं नये आणि मळलेली वाट सोडूं नये; त्या रानांत बिबट्यांची वस्ती आहे. पळस चुकलाच तर चैत्र-वैशाखांत पिवळा बहावा आहे. आणि मुलानें कांहीं विचारलें व आपणांस तें ठाऊक नसलें, तर ‘ठाऊक नाहीं, चल पाहूं’ असें म्हणावें.

तो विद्यार्थी आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. हा अंक त्याच्या घरीं जात असल्यास त्यानें एवढें वाचावें: बाळ, तुझा प्रश्न योग्य होता. किंशुक म्हणजे पळस. मीं तो आतां पाहिला आहे.