जाताना नव्हे, येताना विचारा

जुलै उजाडला की हिंजवडीच्या कंपन्यांत आणि चाकणच्या कारखान्यांत नव्या मुलामुलींची रांग लागते. दिवाळीपर्यंत त्यातले काही निघून गेलेले असतात आणि ‘हल्लीची पोरं टिकत नाहीत’ हा ठरलेला सूर लागतो.

का गेले, हे आपण विचारतो ते जाताना. तेव्हा खरं कोण बोलणार? रिलीव्हिंग लेटर आणि शेवटचा हिशेब समोरच्याच्या हातात असतो. ‘घरगुती कारण’ लिहून पोरगा मोकळा होतो. ‘काय अडतंय?’ हे पहिल्या आठवड्यात, पुन्हा महिन्याभराने विचारलं तर उत्तरं साधी निघतात. सेफ्टी शूज एक नंबर लहान मिळाले. रात्रपाळीची बस नेमकी कुठे थांबते, कुणी सांगितलं नाही. लॅपटॉप आला, पासवर्ड नाही. यातल्या कशालाच मोठं बजेट लागत नाही. (बजेट स्वागताच्या केकला मात्र मिळतं!)

औद्योगिक रोजगाराच्या १९४६च्या कायद्याखालील नमुना स्थायी आदेशांत प्रोबेशन तीन महिन्यांचं धरलं होतं. तेवढ्यात कंपनी माणसाला पारखते, आणि माणूसही कंपनीला; म्हणून विचारायचं ते याच काळात.

विचारणारा थेट साहेब नसावा; प्रोबेशनवरचं पोर त्याला ‘सगळं छान’ एवढंच सांगणार. आणि फॉर्म भरून घेऊन कपाटातच ठेवायचे असतील, तर न विचारलेलं बरं.

यंदा तुमच्याकडे रुजू झालेल्या एखाद्याला या आठवड्यात विचारून पाहा, आणि त्यातून काय बदललंत ते आम्हाला जरूर लिहून कळवा.