वाडा शेतात बसू द्या

माण, आटपाडी, सांगोल्याच्या माळावर वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तोही बेभरवशाचा. तरी धनगर समाज पिढ्यान्‌पिढ्या तिथे मेंढरे राखून आहे. कसा, हे कृषी पदवीच्या पुस्तकांत आम्हाला कुणी शिकवले नाही.

पावसाळ्यात मेंढरे घरच्या माळावर. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून वाडा निघतो. काही वाडे घाट उतरून कोकणात जातात. तिथे भात कापून झालेले असते. खाचरात मेंढरे बसवायची आणि शेतकऱ्याकडून धान्य घ्यायचे. मृगापूर्वी मात्र परत घाट चढलाच पाहिजे, कारण कोकणातल्या अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात दख्खनी मेंढरू तगत नाही. माळावरच चारा संपला तर नेहमीची वाट सोडतात. एक जाणता पुढे जाऊन चारा-पाणी पाहतो, शेतकऱ्यांशी बोलणी करतो, मग कळप हलतो. मेंढीही तशीच: अंगाने लहान, चालायला काटक, झुडपांच्या पाल्यावर आणि बाभळीच्या शेंगांवर दिवस काढणारी. (तिच्या काळ्या राठ लोकरीला आता कातरणीची मजुरी सुटेल एवढाही भाव नाही. संसार कोकरांवर चालतो.)

ही सगळी रीत शेतकऱ्याच्या शब्दावर उभी आहे, आणि आता तोच शब्द मोडतो आहे. गायरानांवर अतिक्रमणे झाली, जंगलात शिरले की दंड. आणि आपल्या कपाशी-ज्वारीच्या मुलखात धनगरांचे, विदर्भात काठेवाडी नि कुरमारांचे कळप दिसले की आपल्यातलेच काही जण काठी घेऊन धावतात. हे आम्हाला मुळीच मान्य नाही. उभ्या पिकात मेंढरे घातली तर भरपाई घ्यावी, त्यात वाद नाही. पण रिकाम्या रानात बसलेला कळप लेंडी आणि मूत जागेवर देऊन जातो. गाडीभाडे नाही, विस्कटायची मजुरी नाही.

कपाशीवाल्यांचा फायदा त्याहून मोठा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केले ते सांगायला नको. शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटीत मेंढरे सोडली की ती पाला आणि किडकी बोंडे खातात, आत दडलेल्या अळ्या तिथेच संपतात. कृषी शास्त्रज्ञही हीच शिफारस करतात. फवारणी केली असेल तर मात्र वाड्याला आधी सांगा. गरिबाचा कळप एका रात्रीत मरेल. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्याचे त्याला सांगावे लागत नाही. किराळ लागते हे आपल्या आधी तो जाणतो.

तेव्हा येत्या जिल्हा बैठकीत प्रत्येक गावाने ठरवून यावे: वाड्याला कोणता पाणवठा मोकळा, कोणती वाट मोकळी, आणि मेंढरे बसवण्याचा दर रात्रीवर द्यायचा की शेकड्यावर, पैशांत की ज्वारीत. दिवाळीनंतर वाडे दारात आल्यावर ही बोलणी होत नाहीत, भांडणे होतात.