घरटी एक मिस्त्री
१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला, तेव्हापासून आपल्या शहरात घरटी एक इंजिनिअर आहे, आणि सगळा ताप तिथेच आहे. परवा सिडकोतल्या आमच्या शेजारच्या काकांनी गाडीचं ऑइल स्वतःच बदललं. ड्रेन बोल्ट ‘अजून जरासा’ म्हणत इतका आवळला की चेंबरचे आटेच गेले. नवंकोरं ऑइल थेंबाथेंबाने पोर्चच्या फरशीवर, आणि काकू दारात! रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी तर ते कधीपासून ओततात (नळाला पाणी येतंय कुठं म्हणा). त्याचा क्षार आत धरतो, नळ्या चोंदतात आणि भर उन्हात जालना रोडवर बॉनेटमधून वाफा निघतात. वायपर, एअर फिल्टर, टायरची हवा घरी खुशाल बघा. गाडीखालचं काम मिस्त्रीचंच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर मुळीच शिरू नका, जावईबापूंनी मोबाइलवर कितीही व्हिडिओ दाखवले तरी.